हार्वेस्टर (बिया गोळा करून खाणाऱ्या) मुंग्यांची राणी टेस्ट ट्यूबमध्ये ठेवली आहे, तिला खायला काय घालू?

आत्ता काहीच घालू नका. तुमची राणी मेसर जातीची असेल, तर पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत ती उपाशीच राहते. पंख गळल्यावर उडण्याचे स्नायू तिच्या अंगात विरतात आणि त्यावरच ती अळ्या पोसते. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर घट्ट कापूस आणि अंधार, एवढं पुरे. रोज उचलून बघायचा मोह मात्र खरंच आवरा. हादरे बसले की राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकू शकते.

कामकरी दिसू लागल्या की खसखशीसारखं बारीक बी द्या. पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं चुकूनही नको, अख्खी वसाहत मरेल. बिया नळीला जोडलेल्या कोरड्या डब्यात ठेवा. ओल लागली की त्यांना कोंब फुटतात नाहीतर बुरशी येते. पुढे मोठ्या डोक्याच्या कामकरी तयार झाल्या की जाड बीही फोडतात. टरफल बाहेर नेऊन टाकतात आणि गर चावून चावून, लाळेत मळून त्याचा पांढरट लगदा करतात. अळ्या त्या लगद्याला तोंड लावून बसलेल्या दिसतात, ते जरूर बघा!

अधूनमधून मेलेला छोटा किडाही द्या, अळ्यांना प्रथिनं लागतात.

तुमच्या मुंग्या पोगोनोमिर्मेक्स या दुसऱ्या हार्वेस्टर जातीच्या असतील तर हात जपा, त्यांचा डंख फार दुखतो. आणि परक्या प्रदेशातली वसाहत कधीही बाहेर सोडू नका.