तारीख डिलिव्हरीची की आरसीची?

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. मॅन्युअल गिअरची, दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार बरीच वर्षं शोधत होतो. अंधेरीच्या एका डीलरने बंगळुरूच्या पहिल्या मालकाकडची गाडी मिळवून दिली. व्यवहार ३८ लाखांना ठरला. पैसे मालकाच्या खात्यात भरले, डीलरला वेगळं कमिशन दिलं आणि १४ नोव्हेंबरला गाडी ताब्यात घेतली. कंपनीची वाढीव वॉरंटी अजून दीड वर्ष शिल्लक आहे. कर्नाटकची एनओसी, इथला कर यांत महिने गेले आणि माझ्या नावाच्या नोंदणीला आरटीओची मंजुरी ६ जूनला मिळाली. एप्रिलपासून दुसरा गिअर टाकताना खरखरतो. अधिकृत वर्कशॉप म्हणतं, वॉरंटी तीस दिवसांत नावावर करून घेतली नाहीत, आता काही मिळणार नाही. डीलर म्हणतो, वॉरंटी कंपनीची आहे, आमचा संबंध नाही. फार तर जूनच्या तारखेची नवी डिलिव्हरी नोट करून देतो. ग्राहक आयोगात तक्रार कोणावर करू?

उत्तर : तक्रार कोणावर, हे नंतर बघू. आधी वॉरंटी पुस्तिकेचं ते पान पुन्हा उघडा, ज्याचा फोटो तुम्ही पत्राबरोबर पाठवलाय. त्यातलं वाक्य असं आहे : ‘वाहनाची मालकी बदलल्यापासून तीस दिवसांच्या आत अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासणी करून व शुल्क भरून वॉरंटी नव्या मालकाच्या नावे करून घ्यावी.’ इथे ‘मालकी’ म्हटलंय. ‘ताबा’ किंवा ‘डिलिव्हरी’ म्हटलेलं नाही. तुमचं सगळं प्रकरण या एका शब्दावर उभं आहे, आणि वर्कशॉपच्या काउंटरवरच्या माणसाने तो शब्द न वाचताच तुम्हाला परत पाठवलंय.

मालकी १४ नोव्हेंबरला बदलली असेल, तर तीस दिवस डिसेंबरातच संपले. ती ६ जूनला बदलली असेल, तर मुदत अजून चालू आहे. मंजुरीचा दिवस धरून मोजलं तर ५ जुलै हा शेवटचा दिवस. तुम्ही १ जुलैच्या आत अर्ज द्या. हे उत्तर वाचून झालं की पहिलं काम हेच. ही तारीखही हुकली तर कुठलाही वकील तुमच्यासाठी हा मुद्दा मांडू शकणार नाही, कारण मग दोन्ही हिशेबांनी तुम्ही उशिरा आलेले असाल.

आता ६ जूनच्या बाजूने काय आहे ते सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २ मधल्या ३० व्या व्याख्येप्रमाणे, ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक. अपघाताच्या नुकसानभरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच धरलं : गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो, नोंदणी ज्याच्या नावे तोच जबाबदार. तुमच्या जास्त उपयोगाचा निकाल जून २०२० चा आहे. एका माणसाचा ट्रक अपघातात गेला. विमा कंपनी म्हणाली, तुम्ही तो आधीच विकलाय, तुम्ही मालकच नाही, म्हणून पैसे मिळणार नाहीत. न्यायालयाने नोंदणी पाहिली, ती अजून त्याच्याच नावावर होती, आणि क्लेम मान्य केला. तिथेही कंपनी ‘व्यवहार आधीच झाला होता’ याच मुद्द्यावर हात झटकत होती. शिवाय छापील कराराचा मसुदा कंपनीने केलाय. त्यातला शब्द दोन अर्थांचा निघाला, तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचावा, हे करारांच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे.

विरुद्ध बाजूही दुबळी नाही. माल विक्री कायदा १९३० च्या कलम १९ प्रमाणे, दोन्ही पक्षांना मालकी जेव्हा द्यायची-घ्यायची असेल तेव्हा ती जाते. पूर्ण रक्कम पोहोचली, चावी हातात आली, मग मालकी नोव्हेंबरातच गेली असं कंपनीचा वकील म्हणणार. मी वर सांगितलेले निकाल मोटार वाहन कायद्याखालचे आणि विम्याचे आहेत, वॉरंटीच्या कराराचे नाहीत, हेही तो म्हणणार. माझ्या मते बाजू तुमची आहे, पण खात्री देणार नाही.

म्हणूनच एप्रिलचं जॉब कार्ड, म्हणजे वर्कशॉप तक्रार लिहून घेतं तो कागद, शोधा. तुम्ही त्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाहीत आणि मला सगळ्यात जास्त तेच हवंय. खरखर पहिल्यांदा दाखवायला गाडी वर्कशॉपमध्ये नेलीत, तेव्हा त्यांनी तक्रार लिहून घेतली का? ग्राहकाच्या रकान्यात नाव कुणाचं घातलं? सिस्टीममध्ये गाडी बंगळुरूच्या मालकाच्या नावे होती, तेव्हा बहुधा त्याचंच नाव छापून आलं असेल. तसं असेल तर तुमच्याकडे आणखी भक्कम मुद्दा आहे. एप्रिलमध्ये नोंदणी पहिल्या मालकाची, वॉरंटी पहिल्या मालकाची, आणि दोष त्याच काळात वर्कशॉपच्या कागदावर आलेला. नोंदणीवरचा मालक हाच मालक धरला, तर त्या दिवशी वॉरंटी हस्तांतराचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पहिल्या मालकाकडून एका पानाचं पत्र घ्या : नोंदणी बदलेपर्यंत वॉरंटी माझ्या नावे होती, एप्रिलच्या तक्रारीवर दुरुस्ती करून द्यायला माझी हरकत नाही. तो चांगला माणूस असल्याचं तुम्ही लिहिलंय. मग हे पत्र लगेच मागा. वाद पेटल्यावर चांगली माणसंही फोन उचलत नाहीत.

डीलरची नवी डिलिव्हरी नोट घेऊ नका. या बाबतीत मी अजिबात सौम्य बोलणार नाही. खोट्या तारखेचा कागद करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, आणि त्यात पहिले अडकाल तुम्ही. शिवाय तो कागद टिकणारही नाही. नोव्हेंबरपासूनच्या फास्टॅगच्या नोंदी, तुमच्या खात्यातून गेलेली आरटीजीएसची रक्कम, एप्रिलचं जॉब कार्ड, सगळं समोर येईल. खरी गोष्ट सांगूनच तुमचा मुद्दा उभा राहतो : ताबा नोव्हेंबरात घेतला, नोंदणी जूनमध्ये झाली, आणि करारात ‘मालकी’ लिहिलंय. त्यात एक खोटा कागद घातलात तर खरं बोललेलंही कुणी ऐकणार नाही.

अर्जात हेच तीन-चार वाक्यांत लिहा. आरसीची प्रत जोडा, हस्तांतराचं शुल्क किती आणि कुठे भरायचं ते विचारा, तपासणीची तारीख मागा. ईमेल कंपनीच्या ग्राहक विभागाला आणि वर्कशॉपला, दोघांना. त्याच दिवशी स्पीड पोस्टने कागद आणि शक्य असेल तर वर्कशॉपमध्ये हातोहात प्रत देऊन शिक्का-सहीची पोहोच. नकार द्यायचा असेल तर लेखी द्या म्हणावं. तोंडी नकार ऐकून घरी यायची सवय सोडा, त्यात तुमचे दोन महिने गेलेत.

एक धोका आधीच तपासा. विमा तुमच्या नावावर केव्हा केलात? मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. तुम्ही नोव्हेंबरात ‘मी नवा मालक’ असा अर्ज दिला असेल, तर तो वॉरंटीवाल्यांच्या हाती लागू शकतो. तो लपवू नका, मला पाठवा. आणि अजून काहीच केलं नसेल तर आजच करा. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. ३८ लाखांची गाडी तुम्ही सात महिने घोडबंदर रोडवर कशाच्या भरवशावर चालवत होतात?

दुसरी बारीक गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना आरटीओची अधिकृतता घ्यावी लागते, आणि मालकाने गाडी अशा डीलरकडे सोपवल्याची सूचना पोर्टलवर दिली, तर नियमांप्रमाणे मधल्या काळात डीलर मालक मानला जातो. तुमच्या गाडीबाबत अशी सूचना दिली होती का, ते पहिल्या मालकाला विचारा. दिली असेल तर वरची मांडणी बदलावी लागेल.

गिअरबॉक्सबद्दल गाडी न पाहता फार बोलणार नाही. क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू म्हणून बहुतेक वॉरंट्यांतून वगळलेली असते. मॅन्युअल गाडीत वर्कशॉपचं पहिलं उत्तर ‘क्लच गेलाय, तो कव्हर नाही’ हेच असतं. पण एकाच गिअरला खरखर येत असेल तर दोष त्या गिअरच्या सिंक्रोनायझरमध्ये असू शकतो, आणि तो गिअरबॉक्सच्या आतला भाग आहे. निदान लेखी मागा. तोवर ओळखीच्या गॅरेजात गिअरबॉक्स उघडू देऊ नका. एकदा उघडला की दोष कुणाच्या हातून आला हे ठरवणं अशक्य होतं. पहिल्या मालकाने इंजिनचं रीमॅपिंग, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, केलं होतं का, हेही त्याला सरळ विचारा. केलं असेल तर कंपनी तेच कारण पुढे करील.

आता तक्रारीबद्दल. बंगळुरूच्या मालकावर ग्राहक आयोगात तक्रार चालणार नाही. त्याने स्वतःची गाडी विकली, तो व्यापारी नाही. डीलरवर चालू शकते, कारण त्याने कमिशन घेऊन सेवा दिली. ‘वॉरंटी चालू आहे’ हे त्याचं म्हणणं खरंच होतं, त्यात काही हाती लागत नाही. पण तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये त्याचं पुढचं वाक्य आहे : ‘ट्रान्सफरचं सगळं आम्ही करून देऊ सर.’ ते दिलेलं वचन आहे आणि ते त्याने पाळलं नाही. तो मोबाइल विकू नका, चॅट पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. डीलर उलट म्हणेल की पुस्तिकेचे फोटो तुम्हाला टोकनच्या आधीच पाठवले होते. आणि ते खरं आहे. फसवलं म्हणून करार मोडायला निघालात, तर साधी काळजी घेऊन सत्य कळलं असतं का, हे करार कायद्याच्या कलम १९ मध्ये विचारलं जातं. तुमच्या हातात ते पान होतं. गाडी दुर्मिळ आहे, दुसरी पार्टी टोकन घेऊन उभी आहे, एवढं ऐकून तुम्ही पैसे पाठवलेत. म्हणून फसवणुकीपेक्षा सेवेतल्या कसुरीवर भर द्या.

रक्कम ५० लाखांच्या आत असल्यामुळे आणि तुम्ही मुलुंडला राहत असल्यामुळे तक्रार उपनगर जिल्हा आयोगात, म्हणजे वांद्र्याला दाखल करता येईल. त्यासाठी अंधेरी किंवा बंगळुरूच्या पत्त्याची गरज नाही. २० ते ५० लाखांच्या व्यवहाराला शुल्क १,००० रुपये. मुदत दोन वर्षांची. ती नकाराच्या दिवसापासून मोजावी असं आपण म्हणू, पण जोखीम नको, १४ नोव्हेंबरपासूनच धरून चाला. कायद्यात लिहिलंय की निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात वर्षं जातात. रिकाम्या जागा, पुढच्या तारखा, जबाब द्यायला विरुद्ध पक्षाची टाळाटाळ, आणि तोवर तुमची गाडी पार्किंगमध्ये धूळ खात असते. हे मला संताप आणणारं आहे आणि कायदा करणाऱ्यांना त्याची लाज वाटायला हवी. पण आज तुम्हाला याचा अर्थ एवढाच, की जे काम तीस दिवसांच्या अर्जाने होण्यासारखं आहे ते आयोगावर टाकू नका. लेखी नकार आला तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फुकट आहे, आणि मोठ्या कंपन्या तिथे उत्तर देतात.

अशी पत्रं मला सतत येतात, म्हणून इतर वाचकांसाठी थोडंसं. २०११ ची स्कोडा लॉरा व्हीआरएस, २०१५ ची फियाटची अबार्थ पुंटो, निसान ३७०झेड अशा मॅन्युअल गाड्या शोधणाऱ्यांना कंपनीच्या वॉरंटीचा प्रश्न आता उरलेलाच नाही. फियाटने तर इथला गाड्यांचा धंदाच बंद केलाय. तिथे सगळा भर टोकनआधीच्या तपासणीवर हवा. डीलर जी सहा महिन्यांची ‘वॉरंटी’ देतो तो वेगळा करार असतो आणि क्लच, टर्बो, इलेक्ट्रॉनिक्स बहुतेक वेळा त्याबाहेर असतात. वॉरंटी शिल्लक असलेली अलीकडची वापरलेली गाडी घेत असाल, तर हस्तांतर झाल्याचा कंपनीचा ईमेल येईपर्यंत रकमेचा एक भाग अडवून ठेवा आणि तसं व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. परराज्यातली गाडी असेल तर तिथे भरलेल्या आजीवन कराचा परतावा कोण घेणार, तेही त्याच कागदावर.

प्रश्न विचारणाऱ्या मुलुंडच्या वाचकाने अर्जाची पोहोच आणि एप्रिलचं जॉब कार्ड मला पाठवावं. डीलरला नोटीस काढायची की नाही, ते हे दोन कागद पाहूनच सांगेन.