दूधदुभते फ्रीजरमध्ये ठेवावे का?

प्रश्न : मुले शिकायला पुण्याला गेल्यापासून घरी आम्ही दोघेच असतो. दूध उरते, पनीरचे अर्धे पाकीट बुळबुळीत होऊन टाकावे लागते, आणि तूप तर हल्ली विकत घ्यायचीही छाती होत नाही. हे सारे पदार्थ फ्रीजरमध्ये ठेवले तर महिन्याच्या खर्चात बचत होईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : होईल, पण सगळ्याच पदार्थांत सारखी नाही. ज्यात पाणी कमी आणि स्निग्धांश जास्त, तो पदार्थ फ्रीजर चांगला सोसतो; ज्यात पाणीच जास्त, त्याचे रूप बिघडते. या हिशेबाने लोणी, साय आणि खवा पहिल्या रांगेत येतात, पनीर आणि चक्का मधे, आणि दूध-दही अगदी शेवटी.

म्हणून दुधाबद्दल माझा सल्ला असा, की ते गोठवण्याआधी रतीब कमी करावा. दूध रोज दारात मिळत असताना ते फ्रीजरमध्ये साठवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. चार दिवस गावाला जायचे ठरले आणि दोन पिशव्या तशाच राहिल्या, अशा वेळी मात्र गोठवण्याचा उपयोग होतो. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते आणि पाण्याचा बर्फ होताना ते जवळपास नऊ टक्क्यांनी फुगते, त्यामुळे काठोकाठ भरलेली पिशवी फुटते. दूध डब्यात ओतून वर दोन बोटे जागा ठेवावी, महिन्याभरात वापरावे, आणि आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून सावकाश वितळू द्यावे. म्हशीच्या सुट्या दुधावर वितळल्यानंतर पिवळसर कण तरंगताना दिसले, तर दूध नासले असे समजू नये. बर्फाच्या स्फटिकांनी स्निग्धकणांभोवतीचे पातळ आवरण फाटते आणि ते कण एकत्र येतात, एवढेच. ढवळून उकळले की असे दूध चहाला, खिरीला चालते. नुसते प्यायला मात्र मी ते कोणाला देणार नाही.

आता सायीकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातल्या तुपाच्या तक्रारीचे उत्तर तिथेच आहे. फ्रीजच्या साध्या कप्प्यात साय साठवली की आठवड्याभरात तिला कडवट वास धरतो, आणि तो वास तुपातही उतरतो. त्यापेक्षा झाकणाचा स्टीलचा डबा फ्रीजरमध्ये ठेवून रोजची साय थरावर थर घालत जावी. त्यात विरजण घालण्याची घाई करू नये, कारण तिथल्या थंडीत ते लागतच नाही. डबा भरला की संध्याकाळी बाहेर काढावा, साय पूर्ण वितळून कोमटशी झाली की चमचा-दोन चमचे दही घालून रात्रभर ठेवावी आणि सकाळी घुसळावी. उन्हाळ्यात लोणी पातळ राहते, तेव्हा बर्फाचे चार खडे टाकले की गोळा चटकन धरतो. लोणी दोन-तीन पाण्यांनी धुतले नाही, तर कढवताना ताकाचा अंश तळाशी करपतो आणि बेरी कडू लागते.

हिशेब पाहायचा तर फुल क्रीम दुधात सहा टक्के, म्हणजे लिटरमागे साधारण ६० ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यातला निम्मा जरी सायीत आला, तरी रोज एक लिटर दूध घेणाऱ्या घरात पंधरा दिवसांत ४५० ग्रॅम जमा होतो. मात्र याला फुकटचे तूप म्हणू नये. तुम्ही पैसे मोजलेला स्निग्धांशच दुधातून तुपात गेलेला असतो, आणि खाली राहिलेले दूध तेवढे पातळ झालेले असते. खरी बचत होते ती पूर्वी कडवट होऊन टाकावी लागणारी साय वाचण्यात.

पनीरचे फोडलेले पाकीट फ्रीजमध्ये तसेच राहिले की बुळबुळीत होते. ज्या दिवशी पाकीट फोडले त्याच दिवशी उरलेल्याचे तुकडे ताटलीत सुटे सुटे मांडून गोठवावेत आणि मग पिशवीत भरून हवा काढून टाकावी. सुरुवातीलाच एकत्र भरले तर त्यांची वीट होते आणि चार तुकड्यांसाठी सुरी-हातोडा घ्यावा लागतो. वापरण्यापूर्वी मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवले की ते मऊ होतात. कारखान्यात पनीर फार वेगाने गोठवतात, त्यामुळे बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. घरच्या फ्रीजरमध्ये ते सावकाश आणि मोठे होतात, म्हणून आपले पनीर थोडे भुसभुशीत लागते. भुर्जी आणि पराठ्यात हा फरक कळत नाही. चीजचेही तसेच, सबंध वडी गोठवली तर कापताना चुरा होतो, तेव्हा आधीच किसून ठेवावे.

एक गोष्ट अनुभवाने सांगते. स्निग्ध पदार्थ शेजाऱ्याचा वास पटकन उचलतात. एकदा मी लोण्याचा डबा बांगडा माशांच्या पिशवीशेजारी नुसत्या ताटलीने झाकून ठेवला होता, आणि त्या तुपातला शिरा आमच्याकडे कोणीही दुसऱ्यांदा मागितला नाही.

प्रश्न : दसऱ्याच्या आदल्या दिवशी डेअरीसमोर रांग असते आणि चक्का महागही मिळतो. आठवडाभर आधी आणून गोठवला तर श्रीखंड बिघडेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नुसता चक्का गोठवला तर वितळताना त्याला पाणी सुटते आणि तो रवाळ होतो. तो फडक्यात तासभर टांगून, साखर घालून पुरणयंत्रातून काढला की बराच सुधारतो. पण त्याहून बरे म्हणजे आधीच साखर मिसळून श्रीखंडच करून गोठवावे, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि स्फटिक मोठे होऊ देत नाही. केशर-वेलची आयत्या वेळी घालावी. दिवाळीचा खवाही असाच आधी घेता येतो. ताजा असतानाच पाव-पाव किलोचे घट्ट गोळे बांधून ठेवावेत आणि अर्धवट गोठलेलाच किसून घ्यावा.

प्रश्न : आमच्या गावी उन्हाळ्यात रोज चार-पाच तास वीज नसते. अशा ठिकाणी हे सगळे ठेवणे सुरक्षित आहे का?
– एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : फ्रीजरला वेगळे दार असेल, तो भरलेला असेल आणि मधे उघडला नाही, तर चार-पाच तास तो सहज निभावतो. एकाच दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा छोटा कप्पा मात्र उणे १८ अंशांपर्यंत सहसा पोचत नाही, म्हणून तिथे दुधाचे पदार्थ आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नयेत. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, हेही ध्यानात असू द्यावे. नासायच्या बेतात आलेले दूध फ्रीजरमध्ये ढकलले, तर बाहेरही तसलेच येणार.

तुमच्या गैरहजेरीत काय घडले ते कळण्यासाठी एका वाटीत पाणी गोठवून त्याच्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर चिंता नाही. ते तळाशी जाऊन वर पुन्हा बर्फ झाला असेल, तर मधल्या काळात सारे वितळले होते असे समजावे, आणि ते किती वेळ तसे राहिले हे कळायला मार्ग नसल्याने दूध, पनीर, साय टाकून द्यावी.