कल्पिटियाची सफर आणि सप्टेंबरचा हप्ता

पुण्यातील एका 31 वर्षांच्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. हातात पडणारा पगार महिना 72 हजार, घरभाडे आणि इतर खर्च 40 हजार, साताऱ्याला आईवडिलांना 12 हजार, बँकेत शिल्लक 1 लाख 60 हजार. काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून सरकण्याचा खेळ, शिकण्यासाठी त्यांना जुलैमध्ये दहा दिवस श्रीलंकेतील कल्पिटियाला जायचे आहे. 1 लाख 25 हजारांचा खर्च क्रेडिट कार्डाच्या मासिक हप्त्यांवर टाकावा, सप्टेंबरमध्ये विमा पॉलिसीचे 3 लाख मिळाले की कार्ड फेडावे आणि उरलेल्या पैशांतून स्वतःचा काइट घ्यावा, हे बरोबर होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

सफरीविषयी पुढे लिहितो, कारण त्यात मोठी चूक नाही. चूक त्या 3 लाखांत आहे. सप्टेंबरमध्ये तुम्हाला 3 लाख मिळणार नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या छायाचित्रांवरून दिसते की 2023 मध्ये बँकेतील अधिकाऱ्याने तुम्हाला 20 वर्षे मुदतीची, 10 वर्षे दरसाल 1 लाख रुपये हप्त्याची, 10 लाख विमा रकमेची एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी, विकली. ‘तीन वर्षांनी कधीही पैसे काढता येतात’ हे त्यांचे वाक्य तुम्ही पत्रात जसेच्या तसे दिले आहे. पैसे काढता येतात हे खरे असले, तरी किती मिळतात हे त्यांनी सांगितले नाही, आणि माझ्या मते ही फसवणूकच आहे. तुमच्याच पॉलिसी बाँडमध्ये, मुदतीआधी पॉलिसी मोडल्यास मिळणाऱ्या रकमेच्या तक्त्यात, तिसऱ्या वर्षासमोर 35 टक्के लिहिले आहे, म्हणजे भरलेल्या 3 लाखांपैकी साधारण 1 लाख 5 हजार. या रकमेचे, म्हणजे सरेंडर मूल्याचे, ग्राहकाला अधिक अनुकूल नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून आले, पण तुमची पॉलिसी त्याआधीची आहे. कंपनीने या किमान रकमेपेक्षा थोडे अधिक दिले, तरी 3 लाखांच्या जवळपासही तो आकडा जाणार नाही.

दुसरे छायाचित्र मुदतीअखेर किती मिळेल हे दाखवणाऱ्या लाभ तक्त्याचे आहे. त्यात 8 टक्क्यांच्या रकान्यातील 20 लाखांभोवती अधिकाऱ्याने पेन्सिलीने गोल केला आहे आणि शेजारच्या 4 टक्क्यांच्या रकान्यातील 13 लाखांवर बोटही ठेवलेले नाही. हे दोन्ही दर विमा कंपनीच्या गुंतवणुकीबद्दलची गृहीतके असतात, ग्राहकाच्या हाती पडणारा परतावा नव्हे. दहा हप्त्यांचे 10 लाख सरासरी साडेपंधरा वर्षे अडकून दुप्पट होतात, आणि 72 ला पैसे दुप्पट होण्याच्या वर्षांनी भागले की अंदाजे व्याजदर मिळतो या ढोबळ नियमाने 72 ला साडेपंधराने भागले की साडेचार टक्क्यांच्या किंचित वरचा दर येतो, तोही सगळे सुरळीत झाले तर. 13 लाखच मिळाले, तर दर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जातो. पीपीएफ एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के देत आहे. कर वाचवण्याचे कारणही तुमच्या बाबतीत उरलेले नाही, कारण तुम्ही नव्या करप्रणालीत आहात आणि तिथे 80 सीची वजावट मिळत नाही.

मग पॉलिसी मोडावी का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि हप्ते भरत राहावेत असेही नाही. सप्टेंबरचा चौथा हप्ता न भरता ती पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर मुदतीपर्यंत चालू ठेवा. दहापैकी तीन हप्ते भरले असल्यामुळे विमा रकमेचा त्याच प्रमाणातला भाग, म्हणजे 3 लाख, आणि आजवर जमा झालेला बोनस मुदतीअखेर मिळेल. आज हाती येणाऱ्या 1 लाख 5 हजारांचे सतरा वर्षांनी 3 लाख होणे म्हणजे बोनस न धरताही सहा टक्क्यांहून अधिक दर, म्हणून आता तोटा सोसून बाहेर पडण्याची गरज नाही. पेड-अप मूल्याचा आणि जमा बोनसचा आकडा मात्र सप्टेंबरपूर्वी कंपनीकडून लेखी मागवा.

पेड-अप केल्यावर मृत्यू विमाछत्रही घटेल. पण पूर्ण 10 लाख धरले, तरी तुम्ही आईवडिलांना पाठवता त्या रकमेची ती जेमतेम सात वर्षे होतात, आणि एवढ्या तोकड्या विम्यासाठी वर्षाला 1 लाख भरत राहणे मला मनापासून खटकते. एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे बचतीचा भाग नसलेला निव्वळ मृत्यू विमा, तुमच्या वयाला वर्षाला साधारण 12 हजारांत मिळावा. तो सफरीला निघण्यापूर्वी घ्या आणि प्रस्ताव अर्जात साहसी छंदांविषयी विचारले असेल तिथे काइटसर्फिंग लिहा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल, पण लपवलेल्या माहितीमुळे आईवडिलांचा दावा नाकारला जाता कामा नये.

आता सफरीकडे वळतो. जुलैऐवजी जानेवारीत जा. कल्पिटियाला वाऱ्याचे दोन हंगाम असतात, मे ते ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. दुसऱ्या हंगामातील वारा तुलनेने सौम्य असतो आणि शिकाऊ माणसाला खाडीतल्या सपाट पाण्यावर तोच सोयीचा पडतो. एप्रिल ते डिसेंबर दरमहा 20 हजार बाजूला पडले, तर आजच्या शिल्लकीसह 3 लाख 40 हजार होतात. त्यातून टर्मचे 12 हजार आणि सफरीचे 1 लाख 5 हजार वजा केल्यावर सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे चार महिन्यांच्या खर्चाची राखीव रक्कम, शिल्लक राहते आणि कार्डाला हात लावावा लागत नाही. माझा अंदाज असा: विमान 25 हजार, प्रशिक्षण 40 हजार, साध्या गेस्ट हाउसमध्ये दहा रात्री 25 हजार, जेवण आणि स्थानिक प्रवास 15 हजार. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला आहे, त्यामुळे शहरात न शिरता चिलावमार्गे बसने पुढे जाता येते आणि टॅक्सीचा बराच खर्च वाचतो. जुलैतच पाण्यात उतरायचे असेल, तर त्या दिवसांत रामेश्वरमच्या परिसरातही नैऋत्येचा वारा असतो, तेथे दोन-तीन दिवस शिकून पाहा.

‘तीन दिवसांत स्वार व्हा’ अशा जाहिरातींवर मात्र विसंबू नका. फळीवर उभे राहून थोडे अंतर जाण्यासाठी बहुतेकांना दहा-बारा तासांचे शिक्षण लागते, आणि वारा पडलेले दिवस वेगळेच. म्हणून काइट आता विकत घेऊ नका. शिकताना साहित्य प्रशिक्षण केंद्राचेच असते, आणि कोणत्या आकाराचा काइट आपल्याला झेपतो हे पहिल्या सफरीनंतरच कळेल. प्रवास विमा घेताना काइटसर्फिंग त्यात समाविष्ट असल्याचे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या, कारण अनेक साध्या पॉलिसींमध्ये साहसी खेळांतील दुखापत वगळलेली असते.