दुपारचा डबा परत येतो, रात्रीचा रिकामा होतो

(पत्र मोठं होतं, थोडक्यात देते.)

"ताई, मी ४३ वर्षांची, नाशिकला एका बँकेच्या कर्जवसुली विभागात आहे. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणातच आहेत. नवऱ्याच्या कंपनीत पाळ्या बदलत्या, मुलगी दहावीला. वजन उतरावं म्हणून दिवसातून दोनदाच जेवायचं ठरवलंय. दिवसभर शहाण्यासारखी वागते. पण रात्री अकराला सासऱ्यांचं शेवटचं औषध झालं, की ओट्यापाशी उभी राहून चिवडा, मुलीची बिस्किटं, गार भात, दिसेल ते खात सुटते. पोट फुटायला आलं तरी हात थांबत नाही. मग रडू येतं. परवा नवरा हसत म्हणाला, 'घरात उंदीर झालेत वाटतं.' आठ किलो वाढलेय. मनाचा निग्रह कसा वाढवू? ऑफिसातली एक जण वजन उतरवायची पावडर विकते, महिन्याला साडेतीन हजारांची. घेऊ का?"

निग्रहाचं मला विचारताय? पहाटे पाचला उठून सासऱ्यांचं अंग पुसायचं, मग ऑफिसात जाऊन थकबाकीदारांच्या शिव्या निमूट ऐकायच्या आणि संध्याकाळी घरी हसतमुखाने शिरायचं, हे बिननिग्रहाच्या माणसाचं काम नाही. तुमचा निग्रह दिवसभर इतका कामाला लागलेला असतो, की रात्री अकराला तो संपला तर नवल कसलं?

पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही ओघात एक वाक्य लिहून गेलात, ते मी दोनदा वाचलं : "मार्चअखेर असली की डबा तसाच परत येतो." म्हणजे ठरवलंत दोन वेळा आणि जेवताय एकदाच, तेही सगळ्यांना वाढून झाल्यावर, घाईघाईत. मधले सगळे तास चहावर. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याकडे उगाच नाही आली. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसुलीला येतं, आणि वसुली कशी होते हे तुम्हाला मी काय सांगणार!

यात ताणाचा वाटा आहेच. अचानक घाबरलो तर तेवढ्यापुरती भूक मरते. पण रोजचा, न संपणारा ताण वेगळा. त्यात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेलं राहतं आणि ते भूक वाढवतं, त्यातही गोडाची आणि तळकटाची. म्हणून रात्री तुम्हाला काकडी आठवत नाही. वर झोप जेमतेम पाच तास. शिकागो विद्यापीठात २००४ साली एक प्रयोग झाला. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं. तेवढ्यानेही भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं. तुमच्या दोन वर्षांच्या रात्री याच्याशेजारी ठेवून बघा.

तेव्हा पहिलं काम : दोन जेवणांचं व्रत आजपासून बंद. निघताना दोन घास, दुपारी डबा, पाचच्या सुमाराला फुटाणे, शेंगदाणे, केळं असं काहीतरी. डबा दीडला उघडायचा, फोन वाजत असला तरी. थकबाकीदार वीस मिनिटांत पळून जात नाही.

एवढ्यावर रात्रीचं खाणं कमी होईल. पूर्ण थांबेल असं नाही, कारण त्यात भुकेपलीकडचंही काही आहे. पहाटे पाच ते रात्री अकरा या वेळात तुमचं स्वतःचं काय असतं? मला पत्रात शोधून सापडलं नाही. कोणी हाक मारत नाही, कोणाला काही द्यायचं नाही, असा पहिला अर्धा तास तुम्हाला मिळतो तो ओट्यापाशी. मग हाताला जे लागतं तेच सुख. चिवडा कपाटावर चढवून ठेवला तर तुम्ही स्टूल घ्याल, एवढंच.

हा अर्धा तास दिवसाउजेडी मिळायला हवा. त्यात काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कॉलनीला दोन चकरा मारा, बहिणीशी फोनवर मनसोक्त भांडा, नाहीतर दार लावून नुसत्या पडा. ध्यान वगैरे जमलं तर उत्तम, पण सक्तीने ध्यान करणं हे तुमच्या यादीतलं आणखी एक काम होईल, म्हणून मी आग्रह धरत नाही.

आणि खावंसं वाटलंच तर खा. मात्र वाटीत काढून, दिवा लावून, बसून. उभ्याने खाल्लेलं आपण हिशेबात धरत नाही. खाण्याआधी एकच प्रश्न : आत्ता गरम पोळी-भाजी दिली तर चालेल का? चालेल, तर ती भूक आहे, जेवून घ्या. चिवडाच हवा असेल, तर आज दिवसभरात काय टोचलं ते आठवा. बहुतेक वेळा नाव लगेच सापडेल, एखाद्या ग्राहकाचं किंवा घरातल्या कोणाचं. दुसऱ्या दिवशी मात्र उपास करून भरपाई करायची नाही. ते चक्र तिथूनच पुन्हा सुरू होतं.

नवऱ्याच्या उंदरावर तुम्ही गप्प बसलात. सांगा त्यांना. "तो उंदीर मीच, आणि मला रडू येतं," एवढं पुरे. त्यांना कदाचित खरंच ठाऊक नसेल. त्यांची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात रात्रीचं औषध त्यांनी द्यायचं आणि तुम्ही दहाला झोपायचं, हेही त्याच दमात ठरवून टाका.

तरीही एक बाब गंभीरपणे सांगते. थोड्या वेळात खूप खाणं, हात न थांबणं, नंतर स्वतःची किळस येणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू असेल, तर डॉक्टर त्याकडे आजार म्हणून बघतात आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या पत्रावरून मला ती शंका येते. निदान करणं माझं काम नाही. मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटाच. त्याआधी कोणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, म्हणजे रात्री अकरालाही. मराठीत बोलता येतं.

पावडर घेऊ नका. पुण्याचे दीर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "बाबांना प्रोटीन द्या" असं सांगतात, असं लिहिलंत. येत्या रविवारी त्यांना सांगा, की संध्याकाळी दोन तास बाबांकडे बघायला मावशी ठेवतोय, साडेतीन हजार आमचे, उरलेले तुमचे.