'अंमलबजावणी', 'कार्यवाही' आणि वाक्यातला कर्ता

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाटायला त्या पत्रक तयार करत आहेत. आंतरराष्ट्रीय पर्यावरण परिषदांमध्ये काय ठरलं आणि त्यातलं आपल्या गावाला काय करता येईल, हा त्याचा विषय. त्यांनी विचारलंय: 'इम्प्लिमेंटेशन'ला अंमलबजावणी म्हणावं, कार्यवाही की कार्यान्वयन? 'सस्टेनेबल' म्हणजे शाश्वत की टिकाऊ? आणि ब्राझीलच्या हवामान परिषदेत गाजलेल्या 'मुतिरांव'ला मराठी शब्द आहे का? सोबत मसुद्यातलं एक वाक्यही पाठवलंय: 'गावातील जलस्रोतांच्या शाश्वत व्यवस्थापनासाठी आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी.'

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर अंमलबजावणी. 'अंमल' अरबीतून आला, मूळ अर्थ काम, कृती. मराठीत त्याला सत्तेचा अर्थ लागला (पेशव्यांचा अंमल) आणि नशेचाही (अंमली पदार्थ). 'बजावणे'च्या मुळाशी फारसी 'बजा' आहे, म्हणजे जागेवर. आपण हक्क बजावतो, कर्तव्य बजावतो, कोर्टाचा बेलिफ नोटीस बजावतो. तिन्ही ठिकाणी बजावणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो, म्हणून हा शब्द मला भरवशाचा वाटतो. 'कार्यान्वयन' शासकीय पुस्तिकांत राहू द्या. 'कार्यवाही' कचेरीतली: अर्जावर कार्यवाही होते, अतिक्रमणावर कारवाई. या दोघींची गल्लत वर्तमानपत्रांतही होते, तुमच्या पत्रकात नको.

पण शब्द बदलून तुमचं वाक्य सुधारणार नाही. 'कार्यवाही'च्या जागी 'अंमलबजावणी' घातली तरी शेवटी 'करण्यात यावी' उरतंच, आणि त्या वाक्यात कर्ता नाही. कुणी करायची, कधीपर्यंत, झाली की नाही हे कोण बघणार, यातलं काहीच त्यात बसत नाही. ग्रामसभेतून बाहेर पडताना अहिराणीत हेच विचारतात: 'ठराव ते व्हयना, पन करी कोन?' म्हणजे ठराव तर झाला, पण करणार कोण?

जागतिक परिषदांमधली भांडणंही याच जागेवरून होतात. हवामान बदलावरचा पॅरिस करार 12 डिसेंबर 2015 ला मंजूर झाला. त्याआधी शेवटच्या तासांत चौथ्या कलमातल्या एका शब्दावर सगळं अडलं होतं. विकसित देशांनी उत्सर्जन कमी करण्यात पुढाकार घ्यायचा, हे सांगताना मसुद्यात 'शॅल' पडलं होतं. अमेरिकेने हरकत घेतली आणि तिथे 'शुड' आलं. मराठीत सांगायचं तर 'घेतील'चं 'घ्यावा' झालं. 2021 साली ग्लासगोत कोळशावर तेच. 'फेज आउट' म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद करणं, 'फेज डाउन' म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी करणं. अखेरच्या बैठकीत भारताच्या सूचनेवरून पहिल्याच्या जागी दुसरं घातलं गेलं. एका क्रियापदाने कुणाच्या गळ्यात काय पडतं, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. गावच्या ठरावाकडेही तितक्याच बारकाईने बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. तिथे मात्र 'करण्यात यावे' लिहून आपण मोकळे होतो.

पॅरिस करारातली एक गोष्ट जरूर उचला: दर पाच वर्षांनी जागतिक आढावा. पहिला 2023 मध्ये दुबईत पूर्ण झाला. सांगितलेलं आणि केलेलं शेजारी शेजारी ठेवून सगळ्यांसमोर वाचायचं, एवढाच त्याचा गाभा.

आता आपल्या पांझरेकडे या. फड पद्धतीचं नाव तुमच्या पत्रकात यायलाच हवं. (फड तमाशाचा असतो, कुस्तीचा, उसाचाही, इथे एकत्र भिजणाऱ्या जमिनीचा पट्टा.) पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ही पद्धत तीन-चारशे वर्षांची मानतात. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चारी, चारीतून शेतापर्यंत सारंग, आणि जास्तीचं पाणी सोडून द्यायला सांडवा. एका फडात त्या हंगामात एकच पीक, म्हणजे सगळ्यांच्या पाण्याची पाळी आणि गरज सारखी. कोणत्या फडात काय घ्यायचं ते पंच ठरवत, पाणी पाटकरी सोडे, पिकाची राखण जागल्या करी. एकाच शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली, तर झळ एकट्यादुकट्याला न बसता सगळ्यांत वाटली जाई. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी आणि मोटारी वाढल्या आणि बरेच फड मोडले. तरी या व्यवस्थेची भाषा बघा: पाणी सोडण्यात येत नव्हतं, पाटकरी पाणी सोडत होता. प्रत्येक क्रियापदाला माणूस होता, आणि चुकला तर त्याला विचारायला पंच होते.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'आखाजीपासून मृग लागेपर्यंत गावाच्या नाल्यावरील बंधाऱ्यांतला गाळ काढायचा. यंत्र ग्रामपंचायत लावील, गाळ शेतकरी स्वखर्चाने आपापल्या शेतात नेतील, किती गाळ निघाला आणि कुणी नेला याची वही पाणी समितीचे सचिव ठेवतील आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवतील.' लांबलं खरं, पण यात तीन करणारे आहेत आणि तारखा आहेत. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि मृग मुद्दाम घातले, कारण काम त्या दिवसांत होतं. मार्चअखेर लिहिलं तर ते काम कागदावरच संपवलं जातं.

'शाश्वत' की 'टिकाऊ', यावर फार वेळ घालवू नका. संयुक्त राष्ट्रांची 2015 ची 17 उद्दिष्टं मराठीत 'शाश्वत विकास उद्दिष्टे' म्हणूनच रुळली आहेत. ग्रामपंचायतींसाठी त्यांच्या नऊ संकल्पना केल्या, त्या कागदपत्रांतही हाच शब्द आहे. शीर्षकात शाश्वत ठेवा. समजावून सांगताना 'पुढच्या पिढीलाही पुरेल असं' म्हणा. शाश्वत विकासावरच्या 1987 च्या ब्रुंटलँड अहवालातल्या व्याख्येचा अर्थ त्यात येतो.

राहिला 'मुतिरांव'. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये बेलेमला झालेल्या परिषदेच्या मुख्य निर्णयालाच हे नाव दिलं गेलं. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये तो तिथल्या मूळ रहिवाशांच्या तुपी-ग्वारानी भाषांमधून आला. अर्थ: सर्वांनी मिळून एक काम उरकणं. मराठीत जवळचे तीन शब्द आहेत. सावडीत परतफेड असते, आज तुमच्या शेतात, उद्या माझ्या. इर्जिकीत शेजारी आपापले नांगर घेऊन एकाचं काम उरकून देतात आणि तो त्यांना जेवू घालतो. श्रमदान गावाच्या सामाईक कामाचं. तुमच्याच तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने श्रमदानातून पाणी अडवलं आणि शेकडो हेक्टर जंगल राखलं. 2025 साली पवारांना पद्मश्री मिळाली. गाळाच्या कामाला श्रमदान लिहा. देशांनी एकमेकांसाठी करायच्या कामाला मात्र मी सावड म्हणेन, कारण तिथे कुणी कुणाला दान देत नाही, देणं फेडायचं असतं.

शेजारच्या मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागात भिल्ल याच अर्थाने 'हलमा' म्हणतात. तुमच्या गावात भिल्ल आणि कोकणा घरं आहेत असं तुम्ही कळवलंय. पत्रक छापण्याआधी तिथल्या जाणत्या बायामाणसांना त्यांचा शब्द विचारा, आणि मिळाला तर 'सावड'च्या आधी तो छापा.