वायू नको होता की वायूवरचा हक्क हवा होता?

प्रश्न : बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) २०२३ साली तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणाला विरोध चालू असताना एका सभेत ऐकले, की बोलिव्हियातील आदिवासींनी नैसर्गिक वायूच्या प्रश्नावर राष्ट्राध्यक्षालाच घरी पाठवले होते. त्यांनाही प्रकल्पच नको होता का?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : नाही. वायू जमिनीबाहेर काढायला त्यांचा विरोध नव्हता. तो कोणाचा आणि त्याचा पैसा कोणाच्या पदरात पडणार, यावर भांडण होते. १९९६ च्या कायद्याने नव्या वायुक्षेत्रांवरील सरकारचा वाटा ५० टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला होता, आणि पुढे हाच वायू चिलीच्या बंदरातून अमेरिका व मेक्सिकोला विकण्याचा बेत आखला गेला. चिलीने १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात बोलिव्हियाचा सगळा किनारा घेतला होता. समुद्र अंगणात असलेल्या आपल्याला ती सल चटकन उमगणार नाही. बोलिव्हियातल्याच पोतोसीच्या डोंगरातली चांदी शतकानुशतके स्पेनला गेली आणि डोंगर पोखरणारे मात्र दरिद्रीच राहिले, ही आठवणही ताजी होती.

ऑक्टोबर २००३ मध्ये एल आल्तो या प्रामुख्याने आयमारा या आदिवासी समाजाच्या वस्तीच्या शहराने रस्ते अडवले. प्रशासकीय राजधानी ला पाझ त्याच्या खालच्या खोलगट दरीत वसलेली आहे. आंबा, अणुस्कुरा असे सगळेच घाट बंद झाले तर राजापुरात कोल्हापूरची भाजी जशी येणार नाही, तशीच गत तिथे झाली आणि इंधन संपू लागले. लष्कराच्या बंदोबस्तात टँकर उतरवताना गोळीबार झाला. त्या आंदोलनात एकंदर साठहून अधिक माणसे मेली. १७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष गोन्सालो सांचेस दे लोसादा यांनी राजीनामा देऊन अमेरिका गाठली. २००५ च्या कायद्याने १८ टक्के रॉयल्टीवर ३२ टक्के कर बसवला, आणि स्वतः आयमारा असलेले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इव्हो मोरालेस यांनी १ मे २००६ रोजी वायूचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. कंपन्यांना हाकलले मात्र नाही. त्यांच्याशी नवे करार केले.

तेव्हा बारसूशी सरळ तुलना जुळत नाही. आपल्याकडे कच्चे तेल बाहेरून येणार होते. वाद सड्याचा, कातळशिल्पांचा, आंब्याच्या कलमांचा आणि मासेमारीचा होता. त्याच्याशी अधिक जवळची घटना २०११ ची आहे. मोरालेस यांच्याच सरकारने तिप्निस या संरक्षित वनप्रदेशातून महामार्ग काढायचे ठरवले, तेव्हा तेथील आदिवासी ला पाझपर्यंत पायी निघाले आणि २५ सप्टेंबरला पोलिसांनी त्यांच्या तळावर बळाचा वापर केला. तरीही ते राजधानीत पोहोचले, आणि ऑक्टोबरमध्ये रस्त्याला मनाई करणारा कायदा त्यांनी पदरात पाडून घेतला. तो कायदा त्याच सरकारने २०१७ मध्ये रद्द केला.