इष्टुर फाकड्याचं आडनाव

प्रश्न असा आला आहे: वडगाव मावळच्या ‘इष्टुर फाकड्या’तला इष्टुर हा शब्द कुठला, आणि त्याला काही अर्थ आहे का?

इष्टुर म्हणजे स्टुअर्ट. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट १७७९च्या जानेवारीत बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेबरोबर होता आणि कार्ल्याजवळ मारला गेला. त्याच्या धाडसावर मराठेही खूश होते, म्हणून शत्रूचा असूनही तो ‘फाकडा’ ठरला. सुरुवातीच्या ‘स्ट’ला आधार म्हणून आपण आधी ‘इ’ लावतो, जसं इष्टेशन, इष्टोव. शेवटचा ‘र्ट’ जिभेला जड, त्यातला ‘ट’ गळाला. झाला इष्टुर!

आता अर्थ. स्टुअर्ट हे अस्सल स्कॉटिश आडनाव आणि तेही हुद्द्यावरून पडलेलं, आपल्या फडणीस-चिटणीसांसारखं. जुन्या इंग्रजीत ‘स्टिगवेअर्ड’ असा शब्द होता. ‘स्टिग’ म्हणजे घर किंवा घराचा भाग, ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. थोडक्यात, मोठ्या घराचा कारभारी. त्याचंच पुढे ‘स्ट्यूअर्ड’ झालं. (हा मुळात डुकरांच्या खुराड्याचा राखणदार, अशी एक व्युत्पत्ती चवीने सांगितली जाते. ‘स्टिग’चं खुराड्याच्या इंग्रजी शब्दाशी नातं आहे हे खरं, पण हा हुद्दा कधी डुकरं राखणाऱ्याचा होता याला काही पुरावा नाही.) शब्दाच्या शेवटी ‘ड’चा ‘ट’ करायची स्कॉटिश बोलीची खोड, म्हणून इंग्लंडात स्ट्यूअर्ड आणि स्कॉटलंडात स्ट्यूअर्ट.

पण या आडनावाला वजन आलं ते एका घराण्यामुळे. बाराव्या शतकात स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याने वॉल्टर फिट्झ-अ‍ॅलन या सरदाराला आपला स्ट्यूअर्ड नेमलं. वॉल्टरचे पूर्वज फ्रान्समधल्या ब्रिटनीचे. तिथे डोल गावी ते हेच काम करत. लॅटिन कागदांत त्यांना ‘डॅपिफर’ म्हटलंय, शब्दशः जेवण वाढून आणणारा. अर्थात वॉल्टर काही पंक्तीत वाढत नव्हता. राजवाड्याचा सगळा खर्च आणि कारभार त्याच्या हाती होता, रेन्फ्र्यू आणि पेझ्ली भागातल्या जमिनी त्याच्याकडे होत्या आणि पेझ्लीचा मठही त्यानेच स्थापन केला. डेव्हिडचा नातू चौथा माल्कम याने हे पद वंशपरंपरागत करून दिलं आणि पुढच्या पिढ्यांत पदाचंच आडनाव झालं. या घराण्याच्या ढालीवर निळ्या-रुपेरी चौकड्यांचा आडवा पट्टा असतो. हिशेबासाठी मेजावर चौकड्यांचं कापड अंथरत, त्याची ती खूण, असं मानतात. मला हे पटतं. कारभाऱ्याने ढालीवर सिंह-गरुडाऐवजी हिशेबाचं कापड मिरवावं, यात एक ठसका आहे.

पुढे सहाव्या स्ट्यूअर्डने स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याची मुलगी मार्जरी हिच्याशी लग्न केलं. ब्रूसच्या मुलाला अपत्य नव्हतं, तेव्हा १३७१ मध्ये मार्जरीचा मुलगा दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला. कारभाऱ्याचं घराणं राजाचं झालं, पण आडनाव कारभाऱ्याचंच राहिलं. १६०३ मध्ये त्याच घराण्यातला सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला.

इंग्रजीत या आडनावाची Stewart आणि Stuart अशी दोन स्पेलिंगं दिसतात, ती का? याच घराण्यातली स्कॉटलंडची राणी मेरी १५४८ मध्ये, जेमतेम पाच वर्षांची असताना, फ्रान्सला गेली आणि तिथेच वाढली. फ्रेंच लेखनात ‘डब्ल्यू’ जवळजवळ नाहीच, म्हणून ‘ई-डब्ल्यू’च्या जागी ‘यू’ आला. राजघराण्याने तेच उचललं. दुसरं लेखन मागे पडलं असं मात्र नाही, स्कॉटलंडात ते आजही सर्रास आढळतं.

तेव्हा कुणी स्टुअर्ट भेटला तर तो राजवंशातला, असं लगेच समजू नका. बिशपांचे, मठांचे, छोट्यामोठ्या सरदारांचेही स्ट्यूअर्ड असत आणि त्यांच्या वंशजांनीही हेच आडनाव लावलं. मूळ पद मात्र अजून शाबूत आहे: ‘ग्रेट स्ट्यूअर्ड ऑफ स्कॉटलंड’ ही पदवी युवराजाकडे असते, सध्या ती विल्यमकडे आहे.